हलीमाभाबी, पाणी होतं

भाबी, तुला जाऊन अकरा दिवस झाले. पहाटे फजरच्या अजानआधी न्हाणीत तांब्या वाजल्यासारखा वाटतो आणि मी उठून बघते. न्हाणी कोरडी असते. तांब्या पालथा असतो, तू ठेवायचीस तसाच. नसीमच्या अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "मांजर असेल." असेल मांजर. पण मी परत झोपत नाही.

बाया येतात, बसतात. माझ्या अम्मीला भाबीनंच न्हाऊ घातलं, माझ्या सासूला भाबीनंच, असं एकेक सांगत राहतात. मी चहा देते, मान हलवते. मला तुझ्याशी जे बोलायचंय ते त्यांच्यात बसून बोलता येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. तू हसशील. "तुझं समदं कागदावर. तोंडानं बोलायला काय होतं गं तुला?" हे तू मला किती वेळा म्हणालीस.

मी मुदखेडची, तू भोकरकडच्या खेड्यातली. दोघी नांदेडकडच्या, दोघी उदगिरात दिलेल्या. मी आले तेव्हा तुला या घरात दहा-अकरा वर्षं झाली होती. तू थोरली जाऊ. मी रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. मुदखेडला इंजिनांना पाणी पाजायचे मोठे नळ होते, आम्हाला पाण्याची ददात कधी नव्हती. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी बादली भरून नमाजाआधी वजू करायला बसले. तू येऊन बादली उचललीस आणि माझ्यापुढं तांब्या ठेवलास.

"एवढ्यात?" मी म्हटलं.

"एवढ्यात दोघींचं होतं."

आणि करून दाखवलंस. मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, ओल्या तळव्यानं डोक्यावरून एकदा, मग पाय. कुठं घाई नाही, कुठं कोरडं राहिलं नाही. शेवटी तांब्याच्या बुडाला दोन घोट उरले होते, ते तू उभं राहून पिऊन टाकलेस. नदीच्या काठी बसून वजू केला तरी पाणी उधळायचं नसतं, म्हणालीस. मला तेव्हा तू कंजूष वाटली होतीस.

आपल्या गल्लीत बाई गेली की निरोप तुला यायचा. मय्यतीला गुसल देणं, म्हणजे कफनात घालायच्या आधी तिला न्हाऊ घालणं, हे तू तुझ्या आईकडून शिकलेली. जनाज्याच्या नमाजाआधी ती पाक झालेली असायला हवी आणि बाईला बाईनंच धुवायला हवं. तुझी पत्र्याची पेटी कणगीजवळ असायची. तिच्यात कापूर, कापूस, कात्री, वाळवलेला बोरीचा पाला. निरोप आला की भाकरी तव्यावर असली तरी तू पेटी उचलायचीस. आल्यावर मी विचारायची, कशी होती, काय झालं होतं. "झाकलेलं झाकलेलंच राहू द्यायचं," एवढंच म्हणायचीस.

आता त्या उन्हाळ्याचं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पूर्वी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर. नसीमच्या अब्बांना तिथं नव्या कचेरीत रोजंदारीवर काम मिळालं होतं. ते आठवडाभर तिकडंच राहायचे. तुझे ते, भाईजान, अडतीवर मापाडी होते, पण त्या वर्षी मापायला माल कुठं होता? ते रोज जायचे आणि रिकाम्या काट्यापाशी बसून यायचे. तुझी दोन्ही पोरं तू मामाकडं धाडली होतीस. शेजारच्या अप्पांच्या परसातला आड, ज्यावर सगळी गल्ली जगायची, त्यात नुसता गाळ लागत होता. नवा जिल्हा झाला, आता टँकर जवळून येईल, असं सगळे म्हणायचे. टँकर यायचा, चौथ्या-पाचव्या दिवशी. कधी कधी वरच्या आळीतच रिकामा व्हायचा.

नसीम आठ महिन्यांची होती. तिला जुलाब-उलट्या लागल्या. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, उकळून गार केलेलं पाणी, मीठ-साखर, चमच्याचमच्यानं देत राहा, आणि टाळू खोल गेली तर लगेच उचलून आणा. मी दिवसभर तिच्या टाळूवर बोट ठेवून बसायची. मागच्या टँकरला तू दुसऱ्या टोकाला होतीस तेव्हा मी पुन्हा रांगेत उभी राहून एक मातीची कळशी जास्तीची भरली होती. ती कणगीमागं पोत्याखाली ठेवली होती. तुला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी घरातला रांजण आटला. दुपारी मलनबी गेली.

मलनबी बांगडीवाली. तिचं कुणी नव्हतं. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला होता, सातव्या महिन्यातही तिनंच. हात असा चोळायची की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. उन्हाच्या वेळी पाणी मागायला शेजारीण गेली तर ती भिंतीला टेकून गेलेली. मशिदीतले हाफिजसाब म्हणाले, या उन्हात उद्यापर्यंत ठेवता येणार नाही, टँकर उद्याशिवाय येणार नाही, तेव्हा घराघरात बघा, गुसलापुरतं जमलं तर जमवा. नाहीच मिळालं तर तयम्मुम द्या. पाण्याच्या जागी पाक माती.

तू हंडा घेऊन घरोघर फिरलीस. सगळीकडून रिकामा आलीस. त्यांच्याकडं होतं की नव्हतं ते मला माहीत नाही. प्रत्येकाच्या दारात लेकरं होती. मग तू घरात आलीस. नसीम माझ्या मांडीवर होती, उशाशी पेलाभर पाणी झाकलेलं. त्याच्याकडं तू बघितलंसुद्धा नाहीस.

"जुबेदा, घरात पाणी हाय का?"

"न्हाई."

"कुठंच न्हाई?"

"न्हाई म्हटलं ना भाबी."

तू कणगीजवळ गेलीस, पेटी उचललीस. क्षणभर वाकलेलीच होतीस. मला वाटलं, पेटी जड झाली असेल.

"चल मग," म्हणालीस. "चादर धरायला कुणी न्हाई. पोरीला शांताबाईपाशी दे."

शांताबाई अप्पांची बायको. तिनं नसीमला घेतलं आणि विचारलं, "तुमच्यात मातीनं पण चालतं व्हय?"

"चालतं," तू म्हणालीस. "पाणी खरंच नसलं तर."

"आमची पण राखच की," म्हणत शांताबाईनं आपल्या कपाळावरच्या विभूतीला बोट लावलं.

मलनबीच्या खोलीत अंधार होता आणि गरम होतं. मी चादर धरली. तिचं पांढऱ्या मातीनं सारवलेलं भिताड होतं, कोरडं ठणठणीत. तू हात उचललेस आणि थांबलीस. माझ्याकडं वळून बघितलंस.

"जुबेदा, पाणी न्हाई ना?"

दुसऱ्यांदा विचारलंस. मी "न्हाई" म्हटलं. आवाज नीट निघाला, ते मला आजही आठवतं.

तू तळवे भिंतीवर टेकवलेस, झटकलेस आणि मलनबीच्या तोंडावरून फिरवलेस. मग पुन्हा भिंतीवर, आणि तिच्या हातांवरून कोपरापर्यंत. बांगड्या तू आधीच उतरवल्या होत्यास. संपलं. जिथं एरवी तासभर लागायचा तिथं दोन मिनिटं लागली. तिच्या भुवयांत पांढरी धूळ राहिली होती. तू ती पुसली नाहीस, मीही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मगरीबच्या नमाजाला तू ओसरीवर भिंतीला हात लावून तयम्मुम केलंस, आणि तुझ्या शेजारी बसून मीही केलं. करणं भाग होतं. मी वजू केला असता तर पाणी कुठून आलं? पोत्याखाली कळशी भरलेली, आणि मी तोंडाला माती लावून सजद्यात. तू आत आली नाहीस. मय्यतीहून आल्यावर आंघोळीला पाणी नव्हतं, म्हणून लेकराच्या खोलीत येणार नाही म्हणालीस. जेवणसुद्धा ओसरीवर मागून घेतलंस.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. चार दिवसांत नसीम सुधारली. तिचं सगळं नीट झालं, भाबी. माझं झालं नाही.

पुढं पाऊस पडला, नळ आले, आणि मी वजूला बसले की मला वाटायचं, कपाळावर माती राहिली. पुन्हा धुवायची. भुवयांत राहिली असं वाटायचं, पुन्हा. अजान होऊन मशिदीतली जमात संपायची तरी मी न्हाणीतच. तू बाहेरून म्हणायचीस, "किती पाणी घालून राहिली? झालं की." मी म्हणायची, झालं. आणि आणखी एकदा तोंड धुवायची. कुठं काकणं वाजली तर हातातलं सुटायचं. तुला वाटायचं, लेकराच्या दुखण्यात ही फार भ्याली. निदान मला असं वाटायचं की तुला तसं वाटतंय.

त्याच वर्षांत तू मला माणसात आणलंस, हेही लिहायला हवं. नव्या जिल्ह्यात शाळांच्या नव्या जागा निघत होत्या. तू कुठून तरी ऐकून आलीस आणि जेवायला बसलेल्या माझ्या सासऱ्यांपुढं म्हणालीस, "जुबेदाला डी.एड.ला घाला. पोरगी मी बघते." सासरे घास हातात धरून तुझ्याकडं बघत राहिले. दोन वर्षं मी लातूरला राहिले, नसीमला तू वाढवलंस. तिचं पहिलं पाऊल तू बघितलंस, मी नाही. मी आज बाई म्हणून ओळखली जाते ती तुझ्या त्या एका वाक्यामुळं. आणि एवढं करणाऱ्या बाईशी मी खोटं बोलले होते, दोनदा.

मी आडून आडून विचारायची. आठवतं? मुदखेडच्या गाडीत आपण माहेरी निघालो होतो. मी म्हटलं, "भाबी, समजा पाणी हाय आणि कुणी न्हाई म्हटलं, आणि त्याच्यावर तयम्मुम झालं. तर ते होतं का?"

"धुणारीला ठाव नसलं तर धुणारीचं होतं."

"आणि न्हाई म्हणणाऱ्याचं?"

"ते त्याला ठाव."

आणि खिडकीबाहेर बघत बसलीस. पुढच्या वेळी मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं, की सगळं नियतवर असतं, मनात काय होतं त्यावर. तू म्हणालीस, "मनातलं मनातच ठिवलं तर ते नासतं." मी चिडले. तुला शिकलेल्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणाले. हा वाद आपण सव्वीस वर्षं घातला आणि एकदाही मलनबीचं नाव घेतलं नाही.

मग तुझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा लातूर, मशीन. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. बाकी सगळं तू सोसलंस, पण ओठ सुकले की माझ्याकडं बघायचीस आणि मी नजर चुकवायची. हातावर सुया, पट्ट्या, म्हणून हाफिजसाबांनी तुला तयम्मुमची मुभा दिली. मी कोरी वीट धुऊन-वाळवून तुझ्या उशाशी ठेवली होती. पाच वेळा मी ती तुझ्यापुढं धरायची.

जायच्या आधीच्या शुक्रवारची दुपार. तू विटेवर हात टेकवलेस, तोंडावरून फिरवलेस, आणि तुझ्या भुवईत लाल धूळ राहिली. माझ्या हातातून वीट निसटली.

"भाबी, त्या दिवशी पाणी होतं," मी म्हटलं. "मलनबीच्या दिवशी. कळशी होती."

तू हात खाली घेतलेस.

"ठाव हाय. पोत्याखाली."

मी खाटेच्या कडेला बसले.

"कळशी पाझरत होती की. पेटी उचलली तर खालची जमीन ओली. त्या उन्हाळ्यात जमीन ओली म्हणजे दुसरं काय असणार?"

"मग तू तयम्मुम कसं दिलंस? तुला माहीत होतं तर?"

"लेकराचं पिण्याचं पाणी होतं ते. ते घेता येत न्हाई. मुभा हाय तशी. मलनबीचं तयम्मुम नीट झालं, तू त्याची काळजी करू नको."

सव्वीस वर्षं, भाबी. मी ज्याला गुनाह समजून तोंड धूत बसले तो मलनबीच्या बाबतीत गुनाह नव्हताच. मला रडू आलं, आणि रडता रडता मी तुझ्यावरच ओरडले. "मग सांगितलं का न्हाई मला? एवढी वर्षं?"

"मी विचारलंच की," तू म्हणालीस. "दोनदा."

आणि भिंतीकडं बघत, "तुला वाटलं मी नसीमचं पाणी घेईन."

एवढंच. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तू नमाज बांधलीस, खाटेवर बसूनच. मी वीट उचलून जागेवर ठेवली. त्यानंतर आपण मशीनचं, जेवणाचं, तुझ्या पोरांच्या फोनचं बोललो. मंगळवारी तू गेलीस.

त्या चार दिवसांत मी तुला उत्तर द्यायला हवं होतं. हो, मला वाटलं तू पाणी घेशील. बावीस वर्षांची होते, पोर मरायला टेकली होती, असं म्हणता आलं असतं. तू मानलंही असतंस. पण ते खरं नव्हतं, आणि खरं माझ्या तोंडून निघेना.

खरं हे आहे. तू नसीमचं पाणी घेशील असं मला कधी वाटलं नाही. मला भीती होती तुझ्या हातांची. कळशी आहे म्हटलं असतं तर "बघू किती हाय" म्हणून तू वाकली असतीस, पोतं बाजूला केलं असतंस, तांब्या बुडवून बघितला असतास. तुझी बोटं त्या पाण्यात गेली असती. आणि तेच पाणी मला माझ्या लेकराच्या तोंडात घालावं लागलं असतं. मेलेल्या बायांना धुणारे हात. तू मय्यतीहून आलीस की आंघोळ करून, साडी बदलून, दारातच उभं राहून "येऊ का?" विचारायचीस. शास्त्रात तसं सांगितलेलं असेल असं मी स्वतःला समजावत होते. तसं काही नव्हतं. तू माझं तोंड बघितलेलं होतंस, नसीम झाली त्या पहिल्याच आठवड्यात, तू तिला घ्यायला हात पुढं केलेस तेव्हा. मी काही बोलले नव्हते. म्हटलं, "आत्ताच निजलीय, राहू दे."

हे तुला सांगायचं राहिलं.

तू गेलीस त्या सकाळी प्रश्न पडला, धुणार कोण. गल्लीत दुसरी कुणी नाही. हाफिजसाब म्हणाले, लातूरहून बाया बोलावू. मी म्हटलं, मी धुते. तुझी पेटी उघडली. दोन बाया चादर धरायला थांबल्या, नजर दुसरीकडं करून. नळाला पाणी होतं. मलनबीनंतर तुझ्या हाताखाली इतकी वर्षं चादर धरल्यामुळं मला सगळं येत होतं. आधी वजू. तोंडात-नाकात पाणी घालायचं नाही, ओला कापूस फिरवायचा. मग केस. मग डावीवर वळवून उजवी बाजू, मग डावी. शेवटी कापराचं पाणी. तुझ्या हातावर सुयांचे काळे डाग होते, ते मी सावकाश धुतले. तुझी बोटं एकेक करून धुतली. घाई केली नाही. इतक्या वर्षांत मी तुझा हात असा कधी हातात घेतला नव्हता. तुझं आणखी काय दिसलं ते मी कुणाला सांगणार नाही.

जनाजा निघाला. मी न्हाणीत जाऊन आंघोळ केली, कपडे बदलले, केस ओलेच घेऊन बाहेर आले. नसीम नांदेडहून आली होती, रडून डोळे सुजलेले. तिला तूच वाढवलेली. तिचं सात महिन्यांचं बाळ तिच्या कडेवर होतं, सकाळपासून कंटाळलेलं. मला बघून त्यानं हात पसरले. मीही पुढं केले.

नसीमनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "आत्ताच दूध प्यालाय, अम्मी," ती म्हणाली. "थोड्या वेळानं घे."

मी हात खाली घेतले. ती काही वाईट बोलली नाही, भाबी. मीही तुला कधी काही वाईट बोलले नव्हते.